पात्याखाली काहीच नव्हतं

खोटं वाटलं तर वाटू दे. कोणाला पटवत बसायचा मला आता कंटाळा आलाय. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मी मशीन दुरुस्त करतो. ड्रिल, मिक्सर, मोटार, येईल ते. मागच्या वर्षी एका शनिवारी, दिवेलागणीला, दुकान आवरत होतो. तेवढ्यात वहिनी आली. हातात दादाची इलेक्ट्रिक करवत.

दादा, माझा थोरला भाऊ, सुतार होता. राब राब राबला आणि एक दिवस काम करता करताच गेला. त्याला जेमतेम महिना झाला होता.

"मध्येच बंद पडते रे," वहिनी म्हणाली. "दुरुस्त करून दे. विकून टाकते. नजरेसमोर नको वाटते."

अंग नुसतं आंबलं होतं. पण वहिनीला नाही कसं म्हणू?

वायर मुठीपाशी आतून तुटली होती. तेवढी कापून पुन्हा जोडली. मोटारीतले कार्बन पार झिजले होते, ते बदलले. पात्यावरच्या गार्डमध्ये भुसा गच्च बसला होता. कोरून काढला.

करवत टेबलाला आवळून बटण दाबलं. झकास चालली.

पातं मोकळं फिरतं तेव्हा आवाज बारीक असतो. लाकडात शिरलं की जाड होतो. हे मला झोपेतही कळतं.

आवाज जाड झाला...

पात्याखाली काहीच नव्हतं.

मी बटण सोडलं. करवत थांबेना.

"स्विच अडकला वाटतं," असं पुटपुटत मी प्लगच उपटला.

तरीही...

टेबलावर ताजा भुसा पडायला लागला. बोट लावलं. गरम होता.

मग धप्प... कापलेला तुकडा खाली पडावा तसं. वाकून पाहिलं. फरशी रिकामी.

आणि आवाज पुन्हा जाड. जणू पुढची फळी.

मी दोन पावलं मागे सरकलो. वहिनी मात्र जागची हलली नव्हती. करवतीच्या पलीकडे, भिंतीपाशी बघत होती.

"अहो," ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "पुरे आता. किती करायचं माणसानं? चला घरी."

पातं हळूहळू थांबलं.

वहिनीने टेबलाला आवळलेली करवत सोडवली आणि घेऊन निघून गेली. ती तिने विकली नाही. का, ते मी विचारलं नाही.

ती एकटीच राहते.

पण काल फोनवर बोलता बोलता तिने तोंड बाजूला केलं आणि कोणाला तरी म्हणाली...

"आधी हात धुऊन घ्या."

एकदा जाऊन यायला हवं, कळतंय मला. पाय उचलत नाही.