आहे म्हणायचं नाही

त्या सकाळी मावशींनी कामावर जाताना वाटेत बारा टूथब्रश घेतले. दुकानदाराचे डोळेच मोठे झाले. "पाहुणे बरेच दिसतात घरी," तो म्हणाला. "हो ना, येतात आणि जायचं नाव घेत नाहीत," मावशी म्हणाल्या. फारसं खोटं न बोलता वेळ निभावली, म्हणून स्वतःवरच खूश होऊन त्या पुढचे दोन चौक चालत गेल्या.

आता हे ब्रश कुणासाठी, ते सांगतो. मावशी ज्या घरी कामाला जात तिथे मुली येत, त्या नेसत्या कपड्यांनिशी. कुणाचं लग्न तिला न विचारताच ठरलेलं, कुणी नको म्हणाली म्हणून बापानं महिनाभर खोलीत कोंडलेली, कुणाच्या मागावर सख्खा भाऊ. पळून निघताना एखादीला ओळखपत्र घ्यायचं सुचतं, एखादीला शाळेतला फोटो, पण दात घासायचा ब्रश आजवर एकीनंही आणला नव्हता.

घर साधंच, दुमजली. बाहेर पाटी, 'पाण्याचे फिल्टर दुरुस्त करून मिळतील'. कुणी ढुंकूनही बघू नये म्हणून मुद्दाम अशी रटाळ पाटी लावलेली, पण लोक कसले ऐकतात! आठवड्याला एखादा तरी माणूस फिल्टर काखोटीला मारून दारात हजर. शेवटी ते घर चालवणाऱ्या बाई, त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणत, फिल्टर दुरुस्त करायला शिकल्या. आणि शिकल्या त्या अशा की शेजारची दोन खरी दुकानं त्यांच्यावर खार खाऊन होती.

मावशींचं काम फोनचं. नंबर जगजाहीर होता, भिंतीभिंतीवर लावलेला. पत्ता मात्र कुणाला ठाऊक नसे. फोनवर रडणाऱ्या मुली असत आणि मुलींना शोधणारी माणसंही असत. त्यांच्यासाठी एकच वाक्य ठरलेलं होतं. अशा नावाची कुणी इथे आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. आहे म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. समोरून आई बोलो, पोलीस बोलो, नाहीतर मरणाच्या दारातला आजोबा बोलो. मावशींचा स्वभाव बोलका, चुकलेल्या माणसाला पार घरापर्यंत सोडून येणारा. ते वाक्य त्यांच्या तोंडात खड्यासारखं लागायचं. पण म्हणत.

एकदाच म्हटलं नव्हतं.

वर्षापूर्वी एक मुलगी आली होती. घरात खरी नावं घेत नसत; ज्या त्या मुलीनं आपल्याला हवं ते नाव सांगायचं. ही आली त्या रात्री मावशींच्या स्वेटरचं तुटलेलं बटण शिवून द्यायला बसली, म्हणून म्हणाली, "मला बटणच म्हणा." वीस वर्षांची पोर. आईबाप नव्हते, काकानं वाढवलेली. काकानं तिचं लग्न आपल्या धंद्यातल्या भागीदाराशी ठरवलं, पंचेचाळीस वर्षांच्या. ती नाही म्हणाली. चारचौघांत म्हणाली. तिथेच घराची अब्रू गेली म्हणे, आणि काका न् थोरला भाऊ तिच्या जिवावर उठले.

महिनाभर ती इथे राहिली. मग लांबच्या गावी तिची सोय झाली, आणि एका सकाळी नऊच्या गाडीनं बाईंनी तिला बसवून दिलं. दहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. दवाखान्याच्या लॅबमधून बोलतोय. आवाज इतका सभ्य, इतका काळजीचा! तुमच्याकडच्या त्या वीस वर्षांच्या मुलीचा रक्ताचा रिपोर्ट आलाय, बरा नाही, औषध आजच सुरू करायला हवं ताई. आणि मावशींच्या काळजात चर्र झालं. त्या बोलून गेल्या, "अहो, ती तर सकाळीच गेली हो, नऊच्या गाडीनं. आता काय करायचं?"

"आभारी आहे ताई," आवाज म्हणाला.

नऊला सुटणाऱ्या गाड्या दोनच. जेवणाच्या थांब्यावर बटणला तिच्या काकानं आणि भावानं खाली उतरवलं. हात धरून, समजूत घालत. बघणाऱ्यांना वाटलं घरची माणसं आहेत. होतीच की. तीन दिवसांनी कालव्यातून त्यांची मोटार वर काढली. आत तिघंही होती. अपघात, असं लिहिलं गेलं. बाईंचं मत वेगळं. "तिनंच स्टिअरिंगचं चाक ओढलं असणार," त्या म्हणाल्या. "एकटी नाही मरायची ती."

काका-भावाला कुणी सांगितलं, कुठल्या गाडीनं, हे कोडं बाईंना कधीच सुटलं नाही. मावशींनी वर्षभर तोंड शिवून घेतलं. नोकरी सोडली नाही. सोडून करणार काय? घरी बसलं की तो 'आभारी आहे ताई' कानात घुमायचा. निदान इथे दुसरे फोन तरी येत.

आणि आता या आठवड्यात, सोमवारी, बरोब्बर दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बटण आहे का?"

मावशींना वाटलं, जुनी कुणी मैत्रीण असेल. पण ते नाव घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं, आणि तो आवाजही... नको, म्हणत त्यांनी मन मागे ओढलं. ठरलेलं वाक्य म्हटलं. फोन बंद झाला. मंगळवारी पुन्हा दहा-दहा. या वेळी मागे पाण्याचा आवाज होता, बंद डब्यात पाणी हिंदकळावं तसा.

"मावशी... मी आहे का तिथे?"

आता मावशींना आवाज ओळखू आला, बटणचाच. पण जिभेची सवय मोठी. वाक्य आपोआप बाहेर पडलं. आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. पलीकडून एक लांब उसासा ऐकू आला, आणि झालं.

टूथब्रश घेतले तो दिवस बुधवारचा. बाई दोन मुलींना घेऊन कोर्टात निघाल्या होत्या.

"वर पेन्सिल आहे," चप्पल चढवता चढवता त्या म्हणाल्या. "पहाटे आलीय. उद्या तिला घेऊन तिचं लग्न लावायला निघणार होते तिच्या घरचे. झोपू दे. आणि मावशी, तुमचा चेहरा का असा उतरलाय?"

"वय झालं, उतरणारच."

"काल नव्हतं झालं?" बाई हसल्या आणि गेल्या.

पेन्सिल दहा मिनिटांनी खाली आली. सतरा-अठरा वर्षांची, अशी काडी की नाव शोभून दिसावं. मावशींनी तिला ब्रश दिला, हिरवा.

"गुलाबी नाही?"

"जीव घेऊन पळून आलीस, आणि रंग निवडतेस?"

ती पहिल्यांदा हसली. मग हळूच म्हणाली, "मावशी, इथे ते येणार नाहीत ना?"

"माझ्या मढ्यावरून येतील. जा, झोप."

पोर वर गेली. मावशींनी दार नीट बंद आहे ना ते पाहिलं, वरची कडी, खालची कडी, कुलूप, आणि फोनसमोर येऊन बसल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या घरातली शेजारीण गाद्या झटकत होती. दहा वाजून दहा मिनिटं झाली.

वाजला तो.

उचलू नये, असं मावशींना वाटलं. पण त्या घरातला फोन न उचलणं म्हणजे कुणाचा तरी जीव जाणं. हात आपोआप पुढे झाला.

"मावशी..." बटणच रडत होती. "मला कळतच नाहीये मी कुठे आहे. अंधार आहे. सगळं भिजलंय. तुम्ही एकदा सांगा ना... मी आहे ना तिथे? तुमच्याकडे?"

मावशींनी तोंड उघडलं. ते वाक्य जिभेवर आलं, आणि त्यांना एकदम त्याची शिसारी आली. ज्या पोरीला आपण आपल्या तोंडानं मारलं, तिला आणखी काय नाकारायचं? कोण मेलं शोधतंय आता तिला?

"आहेस," त्या म्हणाल्या, आणि रडूच फुटलं त्यांना. "आहेस गं बाळा. इथेच आहेस. माझ्यापाशी आहेस."

रडणं थांबलं. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखा खसफसला. पाणी हिंदकळलं.

"आभारी आहे ताई," तो सभ्य आवाज म्हणाला. "एवढंच हवं होतं."

मागे कुठेतरी बटण ओरडत होती, नाही मावशी, नाही म्हणा, मला बोलायला लावलं त्यांनी... आणि फोन बंद झाला.

लगेच दाराची घंटा वाजली.

मावशी उठल्या कशा ते त्यांनाही ठाऊक नाही. दाराला बाहेर बघायला एक काच होती, तिला डोळा लावला. पायरीवर कुणी नव्हतं. ऊन होतं, समोर गाद्या वाळत होत्या. पण दाराला लागूनच टप... टप... ठिबकत होतं, आणि शेवाळाचा, डिझेलचा, कुजल्या पाण्याचा वास दाराच्या खालून आत सरपटत आला. त्यांनी पदर नाकाला लावला.

"ताई," बाहेरून आवाज आला, अगदी जवळून. "आमची मुलगी न्यायला आलोय."

"अशा... अशा नावाची कुणी इथे आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही."

"अहो, आत्ताच तर सांगितलंत."

दुसरा आवाज तरुण होता, कंटाळलेला. "काका, कशाला विचारताय... आहेच ती."

"घरची मुलगी घरीच न्यायची असते, ताई. एवढे ओले होऊन आलोय."

मावशींना एवढी भीती आयुष्यात वाटली नव्हती. पण भीतीच्याही खालून रागाची उबळ आली, आणि त्या दारावर मूठ आपटून ओरडल्या, "मेलात ना रे मुडद्यांनो! मेलात तरी पिच्छा सोडत नाही तिचा? आता काय उरलंय तिच्यापाशी तुम्हाला घ्यायला?"

त्यावर तो सभ्य आवाज म्हणाला, "ती एकटी कुठे आहे आत? आणखी एका मुलीचा आवाज येतोय."

वर पेन्सिल झोपेत काहीतरी बडबडली होती.

मावशींनी दाराला पाठ लावली आणि तशाच खाली बसल्या, पाय समोरच्या भिंतीला रेटून. माझ्या मढ्यावरून, असं त्यांनी त्या पोरीला सांगितलं होतं. घंटा आणखी दोनदा वाजली. मग थांबली. ठिबकणं थांबलं. वासही हळूहळू विरला. फोनची वायर लांब होती. बसल्या जागेवरून त्यांनी फोन ओढून घेतला आणि बाईंना लावला. वर्षभर जे पोटात होतं ते सगळं ओकून टाकलं. लॅबचा फोन, नऊची गाडी, आणि आजचं 'आहेस'.

पलीकडे बाईंनी आधी दोघी मुलींना वकिलांपाशी बसायला सांगितलं.

"एवढं एकटीनं वाहिलंत?" मग त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन, आणि सोडणार नाही. आधी सांगा, पेन्सिल कुठाय?"

"वर. झोपलीय."

"नक्की?"

"आत्ताच आवाज ऐकला मी तिचा."

"दार उघडू नका. मी निघाले."

पाऊण तास मावशी दाराला पाठ लावून बसल्या. कंबर मोडली, पाय बधिर झाले, पण इंचभर हलल्या नाहीत. या वेळी नाही, असं त्या स्वतःशी पुटपुटत होत्या. या वेळी एकीला तरी वाचवलं. बाईंची रिक्षा थांबली, बाईंची पावलं पायरीपर्यंत आली आणि तिथेच थबकली.

"मावशी, मी आहे. उघडा."

मावशींनी काचेतून नीट बघितलं. बाईच होत्या. कुलूप काढलं, खालची कडी काढली, वरची काढली. तिन्ही जशी लावली होती तशीच होती. बाई दारातच उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. तोंडावर रंग नव्हता.

"दार उघडलं होतंत मध्ये?"

"शपथ. पाठ लावून बसलेय मी इथे."

"मागचं?"

"मागचं तर गेल्या वर्षी विटांनी बंद केलं ना आपण."

"मग आत कोण आलंय, मावशी?" बाई कुजबुजल्या, आणि जरा बाजूला सरकल्या.

पायरीवर पुरुषांच्या बुटांचे दोन जोड होते. एक तपकिरी, चामड्याचा, मोठ्या मापाचा. दुसरा पांढरा, खेळायचा. चारही बूट पाण्यानं काठोकाठ भरलेले, नाड्यांना शेवाळ. नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेले, टोकं दाराकडे, चांगल्या घरची माणसं आत जाताना काढून ठेवतात तसे.

वर, पेन्सिलच्या खोलीची कडी कुणीतरी आतून हळूच लावली.