हत्तीच्या पोटातला खण

सन एकावन्नच्या चैत्रात मादन हिप्परग्याच्या अमृतप्पांनी माझ्याकडून एक कपाट करून घेतलं. हैदराबादेत कुणाच्या तरी बंगल्यात त्यांनी लेकरांच्या खोलीतलं सामान पाहिलं होतं. पाच वर्षांच्या लेकीसाठी, अक्कम्मासाठी, त्यांना तसंच हवं होतं. कपाट म्हणजे अख्खा हत्ती. सोंडेला परकर टांगायचा, पोटात खेळण्यांचे तीन खण.

खालच्या खणाला सागवान कमी पडलं. माझ्या माळ्यावर आमच्या बाळाचा पाळणा होता. नऊ महिन्यांचं होऊन बाळ गेलं, त्याला तीन वर्षं झाली होती. त्या पाळण्याच्या फळ्या मी काढल्या. बायकोला, शांतम्माला, सांगितलं नाही. तिनं दिल्या नसत्या.

महिन्यानं निरोप आला, खालचा खण उघडत नाही. वैशाखात लाकूड फुगत नसतं. तरी रंधा घेऊन गेलो.

भर दुपार होती. अमृतप्पांची बायको महानंदाबाई मला खोलीत घेऊन गेल्या. अक्कम्मा हत्तीपुढं बसली होती. खणाच्या फटीत तिनं बोट घातलं होतं.

"हळू बोला, मामा. आत्ताच निजलंय."

"कोण?"

"आतलं बाळ."

महानंदाबाई कुजबुजल्या, "आठ दिस झालं, असंच बोलायलीय. जेवंना, निजंना... तेवढा खण उघडून दावा हिला, अण्णा."

फटीतून तान्ह्या लेकराला लावतात त्या वेखंडाचा वास येत होता. मी मूठ धरून ओढलं. खण बोटभर बाहेर आला आणि आत गेला. आतून कुणीतरी ओढल्यासारखा.

वरचे दोन्ही खण काढून ठेवले. मोकळ्या जागेतून हात खाली अंधारात घातला. चाचपत होतो, तोच माझा अंगठा कुणीतरी धरला.

एवढीशी मूठ. ऊन, ओलसर.

आजारात बाळ माझा अंगठा असाच धरून पडायचं. शेवटच्या दिवशी एकेक बोट सोडवून मी कामावर गेलो होतो.

"काय झालं, अण्णा?"

हात मी तसाच ठेवला. खणावर वाकून आत म्हणालो, "चल... घरला जाऊ."

मूठ सुटली. खण अलगद सरकला. आत एक चिंध्यांची बाहुली होती. बाकी काही नाही.

"हा मी नेतो," महानंदाबाईंना म्हणालो. "नवा करून देतो."

अक्कम्मा रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्याला अंधारात भ्या वाटतंय, मामा."

खण उपरण्यात गुंडाळला आणि बैलगाडीत मांडीवर घेऊन घरी, निंबर्ग्याला आलो. वाटेत खाली ठेववला नाही.

दिवेलागणीला शांतम्मा दारातच उभी होती. सगळं कबूल करायचं ठरवूनच आलो होतो. पण तिनं बोचक्याकडं पाहिलंही नाही. पदर छातीशी गच्च धरला होता.

"दुपारपासनं थांबंना झालंय," ती म्हणाली. "असं कामून व्हायलंय?"

तिनं पदर बाजूला केला. चोळी दुधानं भिजली होती.