पानांच्या मुठी

गुरुवारी सकाळी सात वाजता घेवड्याची चार रोपं वाकडी झालेली दिसली. पानं आत वळून मुठीसारखी मिटली होती. ही चारही रोपं डब्यांत, दुसऱ्या ढिगाच्या खतात वाढलेली होती. शेजारच्या चार डब्यांत पहिल्या ढिगाचं खत होतं. तिथली रोपं ताठ होती. पाणी, ऊन, बी सगळं सारखंच.

डबे मुंगीचे होते; कुठल्या ढिगाच्या खतात घेवडा जास्त वाढतो ते तिला बघायचं होतं. सुट्टीत ती आणि तिची ताई मावशीच्या मळ्यावर आल्या होत्या. भाज्यांची सालं, पाला आणि गवत कुजवून मावशी कंपोस्ट करायची आणि वाफ्यांत घालायची. त्या मळ्यावरच तिचं घर चालायचं. दुसऱ्या ढिगाचं खत दोन वाफ्यांत पडलं होतं. उरलेल्या चौदा वाफ्यांत ते दुपारी पडणार होतं.

"तूच पाणी जास्त घातलं असणार," ताई म्हणाली.

"मोजून घातलंय. तुझ्यासारखी बादली उपडी करत नाही मी."

मावशीनं खत हुंगलं. काळं, भुसभुशीत, ओल्या मातीच्या वासाचं. तिला त्यात खोट दिसेना. लावणी आणखी लांबवता येणार नव्हती. दुपारपर्यंत कारण सापडलं तरच थांबेन, असं तिनं सांगितलं.

ढिगांपाशी एक पाटी होती. कुठून काय आलं ते मावशी तिच्यावर खडूनं लिहायची. दोन्ही ढिगांत सालं तीच, पालाही तोच. दुसऱ्यात एक ओळ जास्त होती: खेळाच्या मैदानाचं गवत, नऊ पोती.

दोघी मैदानावर गेल्या तेव्हा तिथले माळीकाका यंत्रानं गवत कापत होते. गवतात काय बघायचंय, बाजूला व्हा, असं ते म्हणाले. ताई हलली नाही. ती गुडघ्यांवर बसून पाहत होती. एवढ्या मैदानात घेवड्यासारखं रुंद पानाचं एकही तण नव्हतं.

"काका, तणनाशक कधी मारलंत?"

माळीकाकांनी यंत्र बंद केलं. "तुमच्या मावशीला दिलेलं गवत कापलं त्याच्या आदल्या आठवड्यात. पण तीन महिने कुजलंय ते. कुजल्यावर सगळ्याची मातीच होते."

"आमच्या घेवड्याला हे कुणी सांगितलं नाही," मुंगी म्हणाली.

काकांनी खोलीतून तणनाशकाचा रिकामा डबा आणला. लेबलाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: फवारलेल्या गवताचं खत करू नये. काकांनी ते दोनदा वाचलं, टोपी काढली आणि ते मुलींबरोबर निघाले.

मळ्यावर मावशीनं पहिलं घमेलं भरलं होतं. काकांनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मावशीनं घमेलं परत ढिगावर ओतलं.

"वीस वर्षं नुसतं हुंगून ठरवत आले," ती मुलींना म्हणाली. "तुमचे डबे नसते तर आज मळा घालवून बसले असते. यापुढे आधी डबे, मग वाफे."

खत पडलेल्या दोन वाफ्यांची वरची माती काकांनी संध्याकाळपर्यंत खरवडून काढली. माती आता चांगली आहे का ते बघायला मुंगीनं दोन्हींत घेवड्याच्या सहा-सहा बिया टोचल्या.

आज आठवा दिवस. पहिल्या वाफ्यातली सहाही रोपं सरळ आहेत. दुसऱ्यात चार कोंब वर आलेत. त्यांची पानं अजून उघडलेली नाहीत.