कोमट सॉना

त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या कमरेला टॉवेल होता, आणि माझ्या कोटाच्या आत सरडा.

नाताळची संध्याकाळ होती. ताम्पेरेतल्या आमच्या इमारतीच्या तळघरात सॉनाच्या, म्हणजे घाम काढायच्या तापलेल्या खोलीच्या, पाळ्या लागल्या होत्या आणि ही पाळी माझ्या खालच्या घरातल्या वाल्तेरीची. शेजाऱ्याकडे त्याची सॉनाची पाळी मागायची, तीही सणाची... त्यापेक्षा त्याची किडनी मागणं आमच्याकडे सभ्यपणाचं ठरेल. पण मला लाजायला सवड नव्हती.

"मी हेल्का. तुझ्या वरची."

"माहितीये," तो म्हणाला. जिन्यात भेटला की हा नुसती मान हलवायचा. मी आपली किल्ल्या शोधण्याचं नाटक करत रेंगाळायचे, हा निघून जायचा.

"किती तापलाय सॉना?"

"चाळीसच्या जरा वर. आत्ता कुठे सुरुवात आहे. मला ऐंशी लागतो."

"नको! म्हणजे... प्लीज, एवढाच राहू दे." आणि मी कोट उघडला.

कप्तान, माझा दाढीवाला सरडा, डोळे मिटून स्वेटरला चिकटला होता. पोट टम्म फुगलेलं. आठवडा झाला, त्याला शी झाली नव्हती. त्यात सकाळी त्याचा उबेचा दिवा गेला आणि दुपारी दुकानं बंद झाली. "ऊब नसेल तर या जिवाला अन्न पचतच नाही," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "गरम जागी ठेव, कोमट पाण्यात बसव, पोट हळुवार चोळ. सकाळपर्यंत मोकळा झाला नाही तर पोट उघडावं लागेल... आणि या वयात तो टेबलावरून उठेल असं मी सांगू शकत नाही."

वाल्तेरीने सगळं ऐकून घेतलं. शेगडी घड्याळावर चालते, ती बंद करणं कोणाच्या हातात नाही. म्हणून ऊब वाढू नये यासाठी त्याने सॉनाचं दार सताड उघडलं आणि त्याला बादली टेकवली.

सॉनाचं दार उघडं! याच गुन्ह्यासाठी लहानपणी आम्ही सगळ्यांनी मार खाल्लाय. मी बघतच राहिले.

"थांब, झगा घालतो," तो म्हणाला. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

त्याने घमेल्यात पाणी घेतलं, कोपर बुडवून पाहिलं. मी कप्तानला त्यात धरून पोट चोळायला लागले.

"खायला काय घालतेस याला?"

"अळ्या."

"आणि?"

"...अजून अळ्या."

"पालेभाजी?"

"तोंड फिरवतो रे! आणि अळी दिली की असा खूश होतो..." मी कप्तानच्या पाठीवर ओंजळभर पाणी सोडलं. "लाड करकरून मीच मारतेय त्याला."

"अजून कोणी मेलेलं नाही. तू चोळ, मी दार सांभाळतो."

ऊब वाढली की तो दार उघडायचा, उतरली की लोटायचा. कप्तान हलेना. मग त्याची मान माझ्या तळहातावर अलगद कलली.

"वाल्तेरी! हा—"

तो धावत आला, गुडघ्यांवर बसला, कप्तानच्या गळ्याखाली दोन बोटं धरली. त्याचं कपाळ माझ्या कपाळाला टेकत होतं. मी श्वासच घेत नव्हते.

"चालू आहे... हे बघ, इथे." त्याने माझं बोट तिथे नेऊन ठेवलं, आणि सोडलं नाही. "तू याच्याशी बोलतेस ते खाली ऐकू येतं. 'किती देखणा दिसतोयस आज!' मला या सरड्याचा हेवा वाटतो, हेल्का."

"हे... आत्ता सांगतोयस?"

"एरवी तू किल्ल्या शोधत असतेस. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

"मठ्ठ आहेस! किल्ल्या खिशातच असतात."

त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात बाहेरून गर्जना आली. पुढची पाळी पिरिनेन काकांची.

"दार कोणी उघडं टाकलं? सणासुदीचं?"

"मी," वाल्तेरी दारात उभा राहिला. "आत कोणी आजारी आहे, काका. आमच्या घरचं."

आमच्या! मी मान खाली घालून चोळत राहिले.

काकांनी त्याच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. मी, घमेलं, सरडा... त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "माझीही पाळी घ्या," ते म्हणाले. "पण निघताना बाक घासा."

त्यांची पावलं जिन्यात विरली आणि कप्तानने डोळे उघडले. शेपूट ताठ केली. सगळं अंग आक्रसलं... आणि मग ते झालं. पाणी काळं झालं, वास असा सुटला की डोळ्यांत पाणी आलं. मी हसत होते, रडत होते. कप्तान मान वर करून आमच्याकडे तुच्छतेने बघत होता. जिवंत होता माझा कप्तान!

त्याला टॉवेलात गुंडाळून ठेवलं आणि मी वाल्तेरीचा चेहरा धरायला दोन्ही हात पुढे केले.

तो मागे सरकला. "हेल्का, मला तू फार आवडतेस. पण आधी हात धुऊ."

मग आम्ही एकाच नळाखाली हात धुतले, एकाच साबणाने. फेसात बोटं एकमेकांत गुंतली. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी नळ बंद करायला दोघांपैकी कोणीच पुढे झालं नाही.