नाल्यावर दिलेला अंगठा

मध्ये कोणी बोलू नका रे. भूत-बित मी मानत नाही, पण भाऊराव कंपाउंडर माझ्या रोजच्या बसण्यातला. तो खोटं बोलणारा नाही.

शहाऐंशीची संक्रांत मंगळवारी होती. आदल्या रात्री साडेनवाला भाऊराव सौंसरच्या दवाखान्यातून सायकलवर रामाकोन्याला निघाला. काम साधंच. नऊ वर्षांच्या इंदूचं अपेंडिक्स फुटायला आलं होतं, आणि आई-बापाच्या सहीशिवाय डॉक्टर हात लावेनात. पोरीला घेऊन आलेली शेजारीण शांताबाई म्हणाली, "बाप हिरामण संत्र्याच्या बागेत राखणीला हाये." भाऊरावाने फॉर्म आणि शाईचा पॅड पिशवीत टाकला.

मागे एका पोराच्या मामाने बाप म्हणून सही ठोकली होती, आणि मेमो मिळाला भाऊरावाला. तेव्हापासून गडी ताकही फुंकून पीत असे.

रामाकोन्याच्या अलीकडल्या नाल्यावर एक बाई उभी होती.

"इंदूचा कागद हाये ना? द्या, अंगठा देतो."

भाऊराव सायकलवरून उतरला नाही. "तुमी कोन?"

"माय तिची. कमल."

"मंग पोरीसंगं शेजारीण काहून आली?"

"मले कोनी बोलावलंच नाही, भाऊ."

ही बनवाबनवी आहे, असं त्याला वाटलं. त्याने पोरीची खूण विचारली.

"डाव्या कानामागं भाजल्याचा डाग. रांगत चुलीपाशी गेली होती."

तो डाग त्याने संध्याकाळीच पाहिला होता. बाग अजून लांब होती, आणि पोर तिकडे तळमळत होती.

त्याने पॅड उघडला. अडाणी माणसाचा अंगठा आपणच दोन बोटांत धरून कागदावर फिरवायचा असतो. त्याने धरला.

थंड...

बोटं सोडवू गेला. सुटेनात.

"नीट उमटू द्या," ती म्हणाली.

...

मग सुटली. त्याने बॅटरी मारली. नाल्यावर कोणी नव्हतं. कागदावर अंगठा होता.

रातोरात ऑपरेशन झालं. पोर वाचली. सकाळी हिरामण धावत आला, तेव्हा भाऊराव म्हणाला, "तुमच्या बायकोनं नाल्यावर देला ना अंगठा."

हिरामण म्हणाला, "इंदू दोन वर्षाची होती, तवाच त्या नाल्याच्या पुरात गेली कमल."

भाऊरावाची ती दोन बोटं भर मे महिन्यातही थंड असतात, मी हात लावून पाहिली आहेत. दवाखान्यातून घरी जाताना इंदूने नेमकी तीच धरली होती. सोडायला तयार नव्हती.