परत यायचे बाण

दवाखान्याची जीप नेमकी त्याच दिवशी रुसली, म्हणून नर्स पायीच निघाली. टेकड्यांपलीकडच्या रस्त्यावर दुपारची बस गाठायची आणि उद्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरीला ‘हो’ म्हणायचं. आईने फोनवर तसा पिच्छाच पुरवला होता.

वाट अनोळखी होती, पण दगडांवर पांढरे बाण होते. कोवळं ऊन, वाळलेलं गवत, टेकडीमागे टेकडी... एका बाणाला तिने सहज बोट लावलं, तर रंग ओला! पुढच्या वळणावर बाणच संपले. तिथे एक तरुण ब्रश घेऊन उकिडवा बसला होता.

“पुढचे बाण कुठे आहेत?”

“डब्यात,” तो म्हणाला.

“अहो, मला बस पकडायचीय!”

“मग चला. जाता जाता काढतो.”

वनखात्याने त्याला वाट आखायला नेमलं होतं. तो बाण काढायचा, ती डबा धरायची.

“थंडीत रंगाला वाळायला दोन दिवस लागतात,” तो म्हणाला. “तोवर बोट लावणाऱ्यांपासून जपावं लागतं.”

“एकदाच तर लावलं!”

“एकदाच पुरतं...” तो पुटपुटला आणि कानापर्यंत लाल झाला. तिला हसू आवरेना.

मग तिने शहरातल्या नोकरीचं सांगितलं. त्यानंतर तो मान खाली घालून नुसते बाण काढत राहिला. तिलाही उगाचच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

थांबा आला. दूर बस दिसली. तिने मागे वळून पाहिलं, तर सगळे दगड कोरे.

“तुम्ही बाण फक्त इकडे येणाऱ्यांसाठी काढलेत. इथून परत जायचं झालं तर?”

त्याने कपाळावर हात मारला. कपाळ पांढरं झालं.

“खरंच की! हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

बस येऊन थांबली. ही वाट, हा माणूस... सगळं इथेच सुटणार, असं वाटत तिने रंगाचा डबा त्याच्या हातात दिला.

“जाऊ नका म्हणायचा मला हक्क नाही,” तो एका दमात म्हणाला, “पण तुम्ही मला आवडलात. परत या—”

आणि थांब्याच्या दगडावर त्याने टेकड्यांच्या दिशेने बाण काढला. घाईत बाण वाकडाच आला.

“ताई, येताय ना?” कंडक्टर ओरडला.

ती पायरीवर चढली आणि दांडी धरून वळली.

“वाळायला दोन दिवस म्हणालात ना?”

“हो...”

“मग तोवर कुणाला बोट लावू देऊ नका. शहरात ‘नाही’ सांगते आणि येते.”