बाभळीच्या वळणावरचा पंक्चरवाला

चिखलीहून सकाळी सहाला निघायचं, शंभर किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परत यायचं, आणि संध्याकाळी साडेसातच्या आत सायकल टेकवायची. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर सह्या घ्यायच्या. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. "मंग मरायले काऊन जाता?" असं मंजुश्रीला विचारणारे उंद्रीच्या पारावर कमी नव्हते. गेल्या वर्षी ती नऊ मिनिटं उशिरा पोचली होती, आणि त्या नऊ मिनिटांवर गावाने वर्षभर तोंडसुख घेतलं होतं.

मंजुश्री तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. पारावरच्या बोलण्याला ती भीक घालत नसे. पण यंदा गोष्ट निराळी होती. तिच्या वर्गातल्या बारा मुलींना योजनेतून सायकली मिळाल्या होत्या आणि त्या शाळेमागच्या शेडमध्ये पंक्चर होऊन पडल्या होत्या. मुली चार-चार किलोमीटर पायी यायच्या, थंडी वाढली की यायच्याच नाहीत. पालकसभेत त्यांतल्याच काजलचे वडील गोकुळभाऊ उठून म्हणाले होते, "म्याडम, तुमीच येळेवर पोचत नाही, अन् आमच्या पोरी सायकलीनं बलावता? आधी तुमी पोचून दाखवा, मंग पोरी बी येतीन." बाकीच्या बापांनी माना डोलावल्या. मंजुश्री एवढंच म्हणाली, "पोचते."

जानेवारीतला रविवार होता. धुकं असं की स्वतःचं पुढचं चाक नीट दिसेना. साखरखेर्डा चार-पाच किलोमीटरवर राहिलं असताना मागच्या चाकातून फुस्स झालं. बाभळीचा काटा. बरोबरचे सायकलवाले कधीच पुढे निघून गेले होते. बोटं गारठून अशी बधिर झाली होती की जवळची नवी ट्यूब बसवताना तिने तीही चिमटून फाडली. झालं, यंदाही गेलं, म्हणून ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. तेव्हा तिला पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला.

वळणावर बाभळीखाली पत्र्याची टपरी होती. आत कंदील मिणमिणत होता. एक म्हातारा उकिडवा बसला होता, पुढ्यात पाण्याचं घमेलं.

"आन इकडं," तो म्हणाला.

त्याने ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे आले, पण त्यांचा आवाज आला नाही. मंजुश्रीच्या तोंडातून वाफ निघत होती, म्हाताऱ्याच्या तोंडातून निघत नव्हती. म्हाताऱ्या माणसाचा श्वास उथळ असतो, असं विज्ञानाच्या बाईने स्वतःला समजावलं. हात मात्र त्याचे बघत राहावेत असे होते. ठिगळ त्याने असं बसवलं की बोट फिरवूनही कळू नये.

"कुठवर जाऊन राह्यली?"

"शंभर किलोमीटर, बाबा. अन् परत."

"मंग चाक भरवशाचं पायजे." त्याने टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि पहिल्यांदा हसला. पैशाला त्याने हातच लावला नाही. मंजुश्रीला घाई होती. पेडलवर पाय ठेवता ठेवता, आपण सगळेच म्हणतो तसं ती म्हणून गेली, "येते, बाबा."

"कवा?"

ती गोंधळली. "संध्याकाळी... परततांनी."

"हाव. मंग मी बसतो तोवर."

पुढे दिवसभर त्या चाकाने हूं की चूं केलं नाही. ऊन चढलं, वारं समोरून आलं, पोटऱ्यांत गोळे आले, पण चाक आपलं पळत राहिलं. परतीची शेवटची सही साखरखेर्ड्याला जनकाबाईच्या हॉटेलात होती. मंजुश्री तिथे टेकली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. हिशेबाने दहा-बारा मिनिटं हाताशी होती.

जनकाबाईने सही करून चहा पुढे केला. "सकाळी लय मागं होती व तू?"

"पंक्चर झाली होती. वळणावरच्या बाबांनी काढून देल्लं."

किटली धरलेला हात तिथेच थांबला. "कोन्या वळनावर?"

"बाभळीच्या."

"तितं आता कोनाचंच दुकान नाही, बाई..." जनकाबाईने आवाज खाली आणला. "निंगतांनी काय म्हनली तू त्याले?"

"काय म्हननार? येते म्हनलं."

"अव माय..." ती समोरच्या बाकड्यावर बसली. "त्याचा लेक येतो म्हनून गेला, अन् आलाच नाही. हा वाट पाहूपाहू तितंच खपला. तवापासून आमच्या गावचं मानूस तितून जातो म्हनूनच निंगते. घरी कोनी जातो म्हनलं तं त्याच्या तोंडावर मारू आमी. पन तितं..."

"अन् येतो म्हनून परत नाही गेलं, तं?"

"मंग थोच येते."

मंजुश्रीने चहा तसाच ठेवला. भूत नसतं, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवत आली होती. पुढचे पाच किलोमीटर ती तेच घोकत राहिली. थांबायची काही सक्ती नव्हती. मान खाली घालून जोर लावला असता तर वळण अर्ध्या मिनिटात मागे पडलं असतं. पण "पोचते" हा तिने दिलेला शब्द होता, आणि "येते" हाही. एक पाळायचा आणि दुसरा गिळायचा, असं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

चहूकडे तांबूस, लख्ख संध्याकाळ होती. धुकं होतं ते फक्त बाभळीच्या वळणावर. त्यात कंदील.

"आली..." म्हातारा म्हणाला. मग कंदिलाची वात वर करत, "कोनी येत नाही."

त्याने चाक दाबून पाहिलं. "गेलं का शंभर?"

"गेलं, बाबा. कुठंच दगा नाही देल्ला." आणि काय झालं कोण जाणे, इतका वेळ भ्यालेली मंजुश्री अभिमानाने बोलायला लागली. चढ कसा काढला, पुण्याहून आलेले दोघे गडी कसे मागे पडले, आपण पोचलो की उंद्रीच्या बारा पोरी सायकलवर बसणार.

"बारा?" म्हाताऱ्याने मान वर केली. "त्यायच्या सायकली कोन पाह्यते?"

"कोनी नाही. पडून हायेत शाळेच्या शेडात..."

कोणी हात न लावता घमेल्यातलं पाणी हलत होतं. आठ मिनिटं गेली होती. आईने लहानपणापासून जो शब्द उंबऱ्यावर उच्चारू दिला नव्हता, तो मंजुश्रीने घशातून ओढून काढला.

"जाते, बाबा..."

"जाय, माय."

मग तिने जी सायकल हाणली! चिखलीत टेकली तेव्हा सात वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. तिचा नवरा प्रसेनजित सकाळपासून न जेवता उभा होता. बाराही पोरी जीपमध्ये कोंबून गोकुळभाऊ स्वतः आले होते. "मानलं, म्याडम," म्हणत त्यांनी ते कार्ड असं काही मिरवलं की जणू पाय त्यांनीच मारले होते. पोरींनी तिला उचललंच. नऊ मिनिटं वर्षभर चघळणाऱ्या गावाला आता ही दोन मिनिटं पचवावी लागणार, याचा मंजुश्रीला इतका आनंद झाला की तिला रडू फुटलं. वळणाचं मात्र ती कोणाशी बोलली नाही.

सोमवारी शाळेत आली तर शेडमध्ये बाराही सायकली उभ्या. चाकं टच्च, साखळ्यांना तेल, खालची जमीन ओली. गोकुळभाऊंनीच करवून घेतलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. मंजुश्रीनेही तसंच धरायचं ठरवलं.

पाच वाजता मुली घंटा वाजवत फाटकाकडे निघाल्या. त्या बारा पाठमोऱ्या वेण्या पाहून तिचा ऊर भरून आला. हे तिने कमावलं होतं, आपल्या पायांनी.

फाटकाशी पोचल्यावर त्या सगळ्या वळल्या आणि रिकाम्या शेडकडे बघून त्यांनी हात हलवले.

"येतो हं, बाबा!"

सगळ्यांत मागे काजल होती. कोणी काही विचारावं तसा तिने क्षणभर कान दिला आणि हसून म्हणाली, "उद्या! सकाळी!"

मंगळवारी मंजुश्रीने हजेरी घेतली. अकरा. तेवढ्यात गोकुळभाऊंचा फोन आला. "म्याडम, काजल आज येत नाही. रातीपासून तापानं फनफनून राह्यली. अन् तिची सायकल कोनी नेली का हो? अंगनात दिसत नाही..."

फोन कानाशी तसाच धरून मंजुश्री शेडपर्यंत गेली. तिने सायकली मोजल्या. मग पुन्हा एकदा, एकेकीच्या सीटवर हात ठेवत मोजल्या. बारा होत्या.